इस्त्रीवाल्याचं नाक

कडककाकांच्या दुकानात शिरायचं म्हणजे आधी वाकायचं. दार बुटकं, आत एक टेबल, टेबलावर जुन्या चादरीची जाड घडी आणि पलीकडे काका उभे. कडक हे नाव पडलं त्यांच्या कॉलरीवरून. ती अशी करून देत की मान वळवायची तर अख्खा माणूस वळवावा लागे. स्वभाव म्हणाल तर लोण्याहून मऊ.

माणूस मूळचा डोंगरापलीकडचा. तिकडच्या वरच्या खोऱ्यातले बहुतेक पुरुष शहरात येऊन इस्त्रीच करतात, आणि कपडा टेबलावर अंथरण्याआधी नाकाशी नेतात. एक लांब श्वास, बस्स. आता ह्यात हसण्यासारखं काय आहे, सांगा बरं! घामट शर्टावर गरम इस्त्री फिरली की डाग जन्माचा बसतो. कपडा कुठे ओलसर राहिला असेल तर कपाटात कुबटतो. वडिलांनी त्यांना इस्त्रीला हात लावू देण्याआधी कितीतरी महिने नुसते कपडे हुंगायला लावले होते. "डोळा लबाड असतो, नाक भोळं असतं," हे वडिलांचं बोलणं काका प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत. गिऱ्हाईक घाईत असलं तर जरा जास्तच सावकाश ऐकवत.

तर झालं असं, की एकाएकी दुकानात गर्दी वाढली. काका खूश! पण गर्दीचं लक्षण काही ठीक दिसेना. कुणी एवढासा रुमाल आणी, तोही इस्त्री केलेला. देऊन निघून जाईल म्हणावं, तर तिथेच उभा. काकांनी रुमाल नाकाशी नेला की मागचे चारदोन जण फिस्सकन हसत.

"काका, पुन्हा एकदा!"

"पुन्हा? अहो, वास तोच येणार."

ह्यावर आणखी मोठा हशा. काकांनी आरशापुढे जाऊन नाकाला काजळी लागलीय का तेही पाहिलं. नाक स्वच्छ होतं.

संध्याकाळी जेवताना त्यांनी बायकोला सांगितलं, "आज एकानं छत्री आणली. इस्त्रीला."

"मग?"

"मग काय, हुंगली."

"छत्री हुंगलीत?"

"समोर धरल्यावर काय करू? तो पायरीवर बसून पोट धरून हसला अगं. मला वाटलं, ह्याला काही झालं की काय. पाणी दिलं."

त्यांची मुलगी समोरच जेवत होती. बँकेत खिडकीवर बसायची ती, हुशार, पण त्या दिवसांत घुमी झाली होती. तिनं ताट बाजूला सारलं, उठली आणि टीव्ही लावला. "बघा," म्हणाली.

पडद्यावर चितारलेली माणसं उड्या मारत होती. त्यात एक नाकाडेमामा. डोंगरापलीकडचा इस्त्रीवाला, भरल्या वांग्याएवढं नाक, तिरकी टोपी, प्रत्येक वाक्य दोनदा बोलणार. मामा पाहुण्याला हुंगतो, टेलिफोन हुंगतो, झोपलेल्या बायकोला हुंगून "जिवंत आहे, जिवंत आहे" म्हणतो. आणि त्यानं काही हुंगलं की कोण जाणे कुठून, माणसांचा कळपच्या कळप खदखदून हसतो.

काका आधी डोळे बारीक करून बघत राहिले. मग जे हसायला लागले, घास घशात अडकला.

"अगं, हे तर खालच्या खोऱ्यातले! हुबेहूब! ते असेच, एकेक गोष्ट दोनदोनदा सांगणार. तुझ्या बहिणीचा नवराच बसवलाय की गं तिथं!"

"माझ्या बहिणीच्या नवऱ्याला मध्ये आणू नका," बायको म्हणाली. पण पदराआड तीही हसत होती.

"बाबा," मुलगी म्हणाली, "ते आपण आहोत."

"आपण? छट्! आपण काय असे छत्र्या..." काका बोलता बोलता थांबले. त्यांनी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "पण मग मी हसलो कशाला?"

मुलीनं टीव्ही बंद केला. तिच्यापाशी निराळंच दुःख होतं. बँकेतली माणसं येताजाता पैसे काढायच्या चिठ्ठ्या तिच्या नाकापुढे धरत. आणि रविवारी तिला बघायला पाहुणे येणार होते. मुलगा तिच्याच बँकेतला, दोघांचं आधीच जमलेलं. त्याचे आईवडील मात्र पक्के शहरी, डोंगरापलीकडचं माणूस जवळून कधी न पाहिलेले. त्यांच्या घरी नाकाडेमामाचा कार्यक्रम चुकवत नसत.

"रविवारी काहीही हुंगायचं नाही. माझ्या गळ्याची शपथ आहे, बाबा. ते हसले ना, तर मी हे लग्नच करणार नाही."

काकांनी शपथ घेतली. पोरीच्या लग्नापुढे नाकाचं काय एवढं!

रविवारी पाहुणे आले. मुलाचे वडील सावध बसले, आई टोकावर बसली. काका दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते. चहा आला तो श्वास रोखून प्यायले, ठसका लागला. बोलणं चांगलं चाललं होतं. मग मुलाच्या आईनं पिशवीतून एक टेबलक्लॉथ काढला, स्वतः भरतकाम केलेला, आणि काकांच्या हातांवर ठेवला.

खोलीत सगळ्यांचे डोळे काकांच्या नाकावर. नाक बिचारं आपसूक खाली निघालं होतं. काकांनी मान ताठ केली, "फार सुरेख आहे हो," म्हटलं आणि कापड बाजूला ठेवून दिलं.

मुलाच्या आईचा चेहरा पडला. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं कप खाली ठेवला.

"बरं, निघतो आम्ही."

"आई! काय झालं?" मुलगा.

"काय व्हायचंय? त्यांना आपण पसंत नाही. हुंगलं कुठे त्यांनी?"

काकांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मुलाचे वडील मात्र गंभीरपणे म्हणाले, "तुमच्यात भेट न हुंगता ठेवली म्हणजे सोयरीक नामंजूर. आम्ही बघितलंय ना टीव्हीवर. हिनं म्हणून तर ते कापड मुद्दाम धुतलं, कपाटातला वास राहायला नको."

"असली काही रीत नाही हो आमच्यात!"

"नाही?"

"नाही. खालच्या खोऱ्यात असेल तर ठाऊक नाही."

"मग तुम्ही हुंगतच नाही?"

"हुंगतो की. जन्मभर हुंगतोय."

"मग माझंच तेवढं का नाही हुंगलंत?" मुलाच्या आईच्या डोळ्यांत पाणी यायच्या बेतात.

आता काय बोलणार! हुंगावं तर शपथ मोडते, न हुंगावं तर लग्न मोडतं, आणि खरं कारण सांगावं तर पोरीला बापाची लाज वाटते हे चारचौघांत उघडं पडतं. काकांनी मुलीकडे पाहिलंसुद्धा नाही.

मुलगीच उठली. टेबलक्लॉथ उचलला, दोन्ही हातांनी नाकाशी धरला, डोळे मिटले आणि भावी सासूसासऱ्यांसमोर एक लांब श्वास घेतला. अगदी बापासारखा.

"हा कोपरा जरा ओला राहिलाय," ती म्हणाली.

"काय सांगतेस? बघू!" मुलाची आई पुढे झाली, तिनं नाक लावलं. "अगंबाई, खरंच की!"

"मला तर काही येत नाही," सासरे म्हणाले.

"तुम्हाला कधी काय आलंय!"

कापड हातोहात फिरलं. जो तो हुंगू लागला आणि हसू लागला. कोण कुणाला हसतंय हे काकांना काही उमगेना, पण सगळेच हसताहेत तर आपण गप्प कशाला बसा, म्हणून तेही हसले.

पाहुणे गेल्यावर मुलगी दाराला टेकून उभी राहिली. डोळे पुसत होती.

"ठरलं ना गं?" काकांनी विचारलं.

"ठरलं."

"मग रडतेस का?"

"मला काय ठाऊक, बाबा!"

काका तिच्याशेजारी जाऊन उभे राहिले. विचारावंसं पुष्कळ होतं. पण आधी कुठलं विचारावं, तेच ठरेना.