झिराडकर मॅडमची शेवळं

पनवेलच्या भाजीबाजारात सिप्पोरा झिराडकरांना ओळखत नाही असं माणूस नाही. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या बाई, पण अर्धा जन्म गेला रानोमाळ हिंडण्यात. कर्नाळ्याच्या डोंगरापासून खाडीच्या चिखलापर्यंत एकेक रोप गोळा करून त्यांनी बावीस वर्षांपूर्वी एक निबंध छापला, पनवेल परिसरातल्या सहाशे बारा वनस्पतींचा. आणि निबंध म्हणजे काय साधासुधा? तेव्हापासून इकडच्या झाडाझुडपांवर कोणाला चार ओळी लिहायच्या असल्या तरी आधी झिराडकरांचं नाव घ्यावं लागतं. दीडशेवर संशोधकांनी त्याचा आधार घेतला, परदेशातल्यांनीसुद्धा. मॅडम वरवर "त्यात काय मोठंसं" म्हणायच्या, पण कुठे नवा उल्लेख आला की त्या दिवशी त्यांच्या नवऱ्याला, हायमला, जेवणात हमखास गोड मिळायचं.

बाकी हायमची तक्रार एकच. घरात येणारा पेपर त्याच्या वाचून होण्याआधी त्यात पानंफुलं घालून दाबलेली असायची.

तर यंदाच्या जूनमध्ये कोल्हापूरच्या कृष्णकांत सरांची मेल आली. हे गृहस्थ सुरणाच्या कुळावर मोठा ग्रंथ लिहीत होते. 'तुमच्या यादीत शेवळाची एकच जात आहे. सोमवारी ग्रंथ छापायला जातोय. खात्री आहे ना?' एवढंच, अगदी अदबीनं विचारलेलं. पण मॅडमच्या नाकावर राग! "खात्री? मला खात्री विचारतो?" म्हणत त्यांनी दोन शब्दांचं उत्तर ठोकलं: खात्री आहे.

शेवळं म्हणजे आपली पावसाळी रानभाजी, सुरणाच्याच कुळातली. मातीतून वर येणारा, मिटलेल्या छत्रीसारखा कोंब. चविष्ट, पण नीट केली नाही तर घसा असा खाजवते की विचारू नका. म्हणून तिच्यात काकडं नावाची आंबट रानफळं घालतात.

दुसऱ्या दिवशी हायमची बहीण लियोरा इस्रायलहून आली. चौदा वर्षांनी माहेरी आलेली नणंद, दारात बॅग टेकवते न टेकवते तोच म्हणाली, "वहिनी, मला शेवळं हवीत. वाल घालून. आईसारखी."

मॅडम निघाल्या बाजारात, थेट जनीकडे. जनी बेलपाड्याची. आधी तिची आई रानभाज्या विकायची, आता ती. दर जूनला मॅडम तिच्याकडून शेवळाची जुडी घेत आल्या होत्या.

जनीनं नेहमीसारखी गुबगुबीत कोंबांची जुडी उचलली, आणि मग तिला पिशवीत डाळ-तांदूळ दिसले. तिचा हात थांबला.

"बाई, खायला का चेपायला?"

"म्हणजे?"

"चेपायला असंल तर ही घ्या. दिसायला झ्याक, पन लई खाजरी. खायला असंल तर ही बारकी. हिला काकडं पन लागत नाय."

मॅडम तिथेच उभ्या राहिल्या. मागून कोणीतरी "बाजूला व्हा हो" म्हणालं, तेही त्यांना ऐकू आलं नाही.

"या दोन वेगळ्या आहेत?"

"तर! हिचा जागा वेगला, तिचा वेगला. एकीकडं दुसरी यायची नाय."

"अगं बये, मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"तुमी नाव इचारलं, आमी नाव सांगितलं. दोघींना शेवळंच म्हनतात. तुमी खायला कदी नेलीच नाय. मंग आये म्हनायची, बाईंना कागदात ठेवाया लागते, चांगली दिसनारी दे."

घ्या! बावीसहून जास्त वर्षं मायलेकींनी मॅडमचा मान राखला होता, आणि तेवढीच वर्षं मॅडम देखणी जुडी नेऊन पेपरात घालत होत्या.

दोन्ही जुड्या घेऊन त्या घरी आल्या. तरी आपली विद्या सहजी हार मानते होय? दोन्ही प्रकार वेगवेगळ्या पातेल्यांत, काकडं न घालता शिजवले आणि एकेक घास तोंडात टाकला. बारकी गुमान खाली उतरली. गुबगुबीत घशात गेली मात्र, मॅडमच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. हायम चिंचेचा गोळा घेऊन धावला. लियोरा हसून हसून खुर्चीवरून पडायची बाकी राहिली.

घसा शांत झाल्यावर मॅडम भिंग घेऊन बसल्या. कोंब उभे चिरले. आतल्या रचनेतला फरक डोळ्यांना सरळ दिसत होता. जाती दोन होत्या.

मग मात्र त्यांचा चेहरा उतरला. दीडशे जणांनी त्यांच्यावर विश्वास टाकून एकच जात लिहिली होती. त्यातून कालच त्यांनी छातीठोकपणे खात्री दिलेली. निवृत्तीला दोन महिने उरलेले. गप्प बसलं तर कोणाला कळणार होतं? जनी काही इंग्रजी ग्रंथ वाचायला जाणार नव्हती.

"लाज वाटते गं," त्या लियोराला म्हणाल्या. "आयुष्यभर पोरांना सांगितलं, नीट बघा."

"मग आत्ता बघितलंस ना?" लियोरा म्हणाली. "लिही आणि मोकळी हो. पण आधी वाल शिजत टाक, मला भूक लागलीय."

मॅडमनी मेल केली नाही, सरळ फोन लावला. "सर, माझी चूक झाली. जाती दोन आहेत."

पलीकडून कृष्णकांत सर लहान मुलासारखे ओरडले, "अहो मॅडम, मला शंका होती, पण पुरावा नव्हता! पान थांबवतो मी. चुकीचा उल्लेख नाही केला तरी चालेल, नुसती नवी नोंद घालू."

"छे छे! चूक म्हणूनच छापा, माझ्या नावानं. आणि सांगणारीचं नाव घाला. जनी, बेलपाडा."

आठवड्याभरानं मॅडम आपला जुना निबंध घेऊन जनीच्या शेजारी फळकुटावर बसल्या. ग्रंथात तिचं नाव येणार हे सांगितलं. जनी लाजली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "मंग आमाला दाखवा तरी, बाकी काय लिवलंय."

मॅडम एकेक गावठी नाव वाचू लागल्या. जनी मान डोलवत होती, मधेच गिऱ्हाइकाला जुडी देत होती. नवव्या नावाला तिनं हात वर केला.

"थांबा. ही पन दोन हायत."

मॅडमनी निबंधातून मान वर केली. मग त्यांना जे हसू फुटलं ते आवरेचना. किती वर्षांत इतका आनंद झाला नव्हता त्यांना. उरलेली सहाशे तीन नावं मांडीवर होती.

"बाई, हसता काय? लिवा," जनी म्हणाली. "मी उद्या पन हाय."