मीठ जास्त झालेली टाकी

गोपीनाथराव साळसकरांसारखा हात मी पुन्हा पाहिला नाही, आणि त्या माणसाचं वाटोळं मी केलं. आधीच सांगून टाकतो, उगाच मला सभ्य समजून कोणी वाचायला नको.

१९९८ साल. शारजात भांडी घासायच्या लिक्विडची फॅक्टरी. मी, उपेंद्र, नवाकोरा बी.एस्सी. केमिस्ट, ते वीस वर्षं टाकीपाशी उभे असलेले फोरमन. काठी बुडवून वर उचलायचे, सुटणारी तार बघायचे आणि म्हणायचे, "झालं, खलास." माझं मशीन मागाहून तेच सांगायचं. असला राग यायचा मला!

एकदा ऐटीत त्यांना शास्त्र शिकवायला गेलो. साबणाच्या रेणूचं डोकं पाण्याला धरून असतं, शेपटी पाण्यापासून पळते. म्हणून रेणू जमतात आणि शेपट्या आत, डोकी बाहेर असे गोळे करतात. हे मायसेल. मीठ पडलं की डोकी जवळ सरकतात, गोळ्यांच्या लांब शेवया होतात, त्या एकमेकींत गुंततात आणि लिक्विड दाट होतं.

"आणि मीठ जास्त झालं की गुंता सुटतो," ते म्हणाले. "माहीत आहे साहेब, नावं तेवढी माहीत नव्हती."

जानेवारीत एक दिवस नेहमीच्याऐवजी दुसराच पाण्याचा टँकर आला. गोपीनाथरावांनी बोट बुडवून जिभेला लावलं.

"पाणी खारट आहे. आज मीठ निम्मं टाकू."

"अहो, फॉर्म्युला काय जिभेवर चालतो? शीटवर आहे तेवढं टाका."

पाणी तपासायचं काम माझं होतं. मी तपासलं नव्हतं.

त्यांनी मीठ ओतलं. काठी उचलली तर तार नाहीच, लिक्विड पातळ. माझी पाचावर धारण बसली. "अजून टाका!"

"साहेब, नको. गोडं पाणी आणि साबणाची पेस्ट वाढवू, सावरेल."

"मी सांगतो ते करा!"

शास्त्र शिकवणारा गाढव तो मीच. दोन टन माल पाण्यासारखा झाला.

मालक हमीद सेठ आले. "नमक किसने डाला?"

गोपीनाथरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी शीटमध्ये डोकं घातलं. ते म्हणाले, "मैंने." पिशवी खरंच त्यांच्या हातात होती.

नोकरी गेली, म्हणून व्हिसा कॅन्सल. तीस दिवसांत देश सोडायचा, बायको-मुलीसकट, कारण दोघी त्यांच्याच व्हिसावर. मुलगी शर्वाणी बारावीत, बोर्डाची परीक्षा सहा आठवड्यांवर. सेंटर बदलून मिळेना. पोरीचं वर्ष बुडालं.

जायच्या आदल्या दिवशी दुपारी मी त्यांच्या घरी गेलो. बॅगा भरलेल्या होत्या. सुलभावहिनींनी तशातही चहा ठेवला. शर्वाणी माझ्यासमोर येऊन बसली.

"अंकल, यू आर द केमिस्ट. हमीद सेठ विल बिलीव्ह यू. प्लीज टेल हिम, पापांची मिस्टेक नव्हती."

म्हणजे गोपीनाथरावांनी घरी माझं नावसुद्धा काढलं नव्हतं. ते माझ्याकडे बघत होते. रागाने नाही, वाट बघत होते. मला माझी नोकरी दिसली, माझा व्हिसा दिसला.

"इन्शाल्ला," मी म्हणालो; तिथे नाही म्हणायचं असलं की असंच म्हणतात. चहा संपवला आणि चपला घालून खाली उतरलो.