शिवणीच्या फळीची गिटार

पावसाळ्यात माझं दुकान जवळजवळ बंदच असतं. मोखाड्यात मी पाण्याच्या मोटारी रिवाइंड करतो, म्हणजे आतली जळालेली तार काढून नवी गुंडाळतो, आणि मोटारी जळतात त्या उन्हाळ्यात. भाताची आवणी, म्हणजे लावणी, उरकली की सूर्यमाळच्या अंगाला असलेल्या आमच्या पाड्यावर धुकं उतरतं. समोरच्या घरातला माणूस आधी खोकल्यावरून ओळखायचा, मग तो दिसायचा. असल्याच धुक्यात, दोन वर्षांपूर्वी, मी इलेक्ट्रिक गिटार करायला घेतली.

ठाण्यात मोटारींचं काम शिकत होतो तेव्हा वर्कशॉपच्या वरच्या मजल्यावर कुणीतरी गिटार वाजवायचं. वाजवणारा कधी दिसला नाही. स्लॅबमधून नुसता सूर झिरपत यायचा आणि मी खाली तांब्याचे वेढे घालत बसलेलो असायचो. हा आवाज तारेच्या वेढ्यांतूनच येतोय असं मला उगाच वाटायचं. पुढं कळलं की खरंच तसं असतं. गिटारच्या तारांखाली लोहचुंबकाभोवती बारीक तारेची गुंडाळी असते, वरची तार थरथरली की गुंडाळीत वीज उमटते. तेव्हापासून ती गिटार माझ्या डोक्यातून गेली नाही.

घराच्या भिंतीवर कोळशानं तिचा आकार काढला. बा, म्हणजे माझे वडील, बराच वेळ बघत राहिला.

"घोरपड काय ही?"

मी हातानं तारा छेडून दाखवल्या. बोलून उपयोग नव्हता, बाला ऐकू येत नाही. तरुणपणी तो घांगळी वाजवायचा. दोन भोपळ्यांवर आडवा बांबू, त्यावर तारा, आणि तारांखाली मेणानं चिकटवलेले पडदे. मग पोटासाठी खडीच्या क्रशरवर गेला आणि त्या घरघराटात हळूहळू दोन्ही कान गेले. परत आल्यावर घांगळी त्यानं दुसऱ्या पाड्यावरच्या भगताला देऊन टाकली. त्यानंतर तिचं नावही काढलं नाही.

त्या दिवशी मात्र तो माळ्यावर चढला आणि शिवणीच्या झाडाची एक जाड फळी खाली घेऊन आला. चुलीच्या धुरानं काळी पडलेली. "हलकी हाय. वाकायची नाय," म्हणाला.

फळी कापायला, घासायला दोन आठवडे गेले. धुकं दारातून आत यायचं, लाकडाचा भुसा हवेत तसाच तरंगत राहायचा, आणि सकाळ कधी संपली, दुपार कधी झाली कळायचं नाही. दांड्याला साग घेतला. तो किती जाड ठेवायचा हे ठरेना. मोबाइलवर मापं होती, पण माझी बोटं आखूड आणि राठ. बानं आपलं मनगट पुढं केलं.

"धर."

मी धरलं. गिटार धरावी तसंच, अंगठा मागं, बोटं वर. लहानपणी बाजाराला जाताना धरलं असेल, त्यानंतर बहुतेक तेव्हाच. माझी पकड सैल कुठं पडते, घट्ट कुठं होते, ते त्यानं बघून घेतलं आणि रंधा उचलला. तासून झालं की दांडा माझ्या हातात द्यायचा, मग पुन्हा मनगट. पडदे मी मापानं बसवले, पण दांडा मापाचा नाही. तो बाच्या मनगटाचा आहे.

गुंडाळी घालायला बायको बसली. केसाहून बारीक तार, आठ हजार वेढे. मी हातड्रिल फिरवायचो, ती मोजायची आणि दर शंभराला एक चिंचोका ताटलीत टाकायची. एक्केचाळीस चिंचोके झाले आणि तार तुटली.

"माझ्या शिंकेनंच तुटली," ती म्हणाली.

"नाही गं, माझाच हात जड पडला."

मग तिनंच ताटली रिकामी केली. "घाला परत. एक."

गिटार पुरी झाली त्याच दिवशी लाइट गेली. कुठंतरी झाड पडलं होतं. तीन दिवस लाइट नाही, सूर जुळवायला लागणारा मोबाइलही मेलेला. पोकळ पोट नसलेली गिटार विजेवाचून जवळजवळ मुकीच. छेडली की डास गुणगुणावा इतकाच आवाज. मी ओट्यावर बसून कानानं सूर लावायला बघत होतो, आणि छपराच्या पागोळ्यांपुढं मला काहीच धड ऐकू येत नव्हतं.

बा शेजारी येऊन बसला. त्यानं गिटार आपल्याकडं ओढली, वाकून तिच्या काठावर हनुवटी टेकवली आणि डोळे मिटले. एकदम दोन तारा छेडल्या.

"ह्या दोघी भांडतात."

त्यानं खुंटी जराशी पिळली, पुन्हा छेडलं, पुन्हा पिळली. माझा हात ओढून लाकडावर दाबला. लाकडात एक थरथर होती, येत होती, जात होती, लाटेसारखी. खुंटी फिरली तशा लाटा लांब लांब होत गेल्या आणि मग लाकूड एकसारखं, शांत थरथरत राहिलं.

"आता नाय भांडत," बा म्हणाला.

मी मोठ्यानं विचारलं, "बा, ऐकू येतंय?" त्यानं माझे ओठ वाचले असावेत.

"ऐकू नाय येत. पण कळतंय."

चौथ्या दिवशी लाइट आली. मी जुन्या स्पीकरला गिटार जोडली तर सूर कमी आणि गुरगुर जास्त. अर्थिंगची तार जोडायची राहिली होती, ती डाग देऊन जोडली आणि मग गिटार नीट वाजली. आवाज चांगला आहे, थोडा धुरकट. मला तीन-चार चाली येतात, त्यापलीकडं अजून फार काही जमत नाही.

पण दुपारी ती बाकडं असते. स्पीकर त्याला लागत नाही. चार तारा सैल सोडून तो दोनच ठेवतो, हनुवटी टेकवतो आणि हळूहळू छेडत राहतो. एकदा मी भाताच्या बांधावरून परत आलो तर तो गात होता. काहीतरी लांबलचक, कणसरीचं, धान्याच्या देवीचं. स्वतःचा आवाज त्याला ऐकू येत नव्हता, तरी तो तारांना सोडून जात नव्हता. आत बायको सुपात तांदूळ पाखडायची थांबली होती. मी पाय न धुताच ओट्याच्या कडेला बसलो. बानं डोळे उघडले, मला पाहिलं, आणि गाणं न तोडता थोडा सरकून जागा केली.