फाटकावरचा इतिहास

मुंबईत स्फोट झाले, आणि सुरतेतल्या कापड मार्केटांना आपणही महत्त्वाचे आहोत असं वाटू लागलं. पर्वत पाटियाजवळच्या एका मार्केटच्या कमिटीने फाटकावर वॉचमन वाढवले, त्यांना शिट्ट्या दिल्या आणि चार गोष्टी शिकवायला माझ्या वडिलांना बोलावलं. वडील मराठी शाळेतून निवृत्त झालेले इतिहासाचे शिक्षक. दहशतवादाशी त्यांचा संबंध एवढाच, की ते जुनी वर्तमानपत्रं रद्दीत घालत नसत. कमिटीला तेवढं पुरलं. पोलिसांकडून माणूस आणायचा तर अर्ज करावा लागला असता.

वडिलांनी काम मनावर घेतलं. दुपारी पार्सलांच्या गोदामात वॉचमन मांडी घालून बसत, बहुतेक आमच्यासारखेच खानदेशातून आलेले. वडील सांगत, एके काळी बसमध्ये बॉम्ब भरलेला ट्रान्झिस्टर ठेवून जात, कारण पडलेला ट्रान्झिस्टर कोणीही उचलतो. मग सुटकेस आल्या, मग स्कूटर. मी त्यांना घ्यायला जाई तेव्हा मागे उभा राहून ऐकत असे. त्यांचा सूर पानिपत शिकवतानाचाच होता.

धड्याचा परिणाम लगेच दिसला. क्रिकेटच्या सामन्याच्या दिवशी फाटकावर ट्रान्झिस्टरांचा ढीग लागला आणि निम्मं मार्केट स्कोअरविना तळमळत बसलं. पुढच्या आठवड्यात स्कूटर अडवल्या, त्यांत कमिटीच्या सेक्रेटरींची होती. सेक्रेटरींनी वडिलांना चहा पाजला आणि इतिहास थोडा कमी करता येईल का, असं अतिशय नम्रपणे विचारलं.

खरा घाव मात्र वर्गातच बसला. वॉचमनांत एक वयस्कर गृहस्थ होते, शिंदखेड्याकडचे. तंबाखू मळता मळता त्यांनी विचारलं, "गुरुजी, बॉम्ब ठेवणारा बी जुना पेपर वाचस का?"

सगळे हसले. वडीलही हसले, पण वर्ग तिथेच आटोपून चपला घालू लागले. मला वाटलं, शिकवणं संपलं. माझंही मत त्या वॉचमनसारखंच होतं. मी वाचनालयात नोकरी करत होतो. मागच्याचा अभ्यास करून पुढचं कळत नाही, हे तिथली धूळ रोज सांगे.

वडिलांनी मात्र त्या प्रश्नावर बरेच दिवस घालवले. मग पुन्हा वर्ग घेतला आणि वस्तूंची नावं गाळून टाकली. म्हणाले, "पुढच्या वेळी वस्तू नवी असेल. पण जिथे आपण लाजेने, भीतीने किंवा आदराने हात मागे घेतो, ती जागा जुनीच असेल. तिथे बघा." वॉचमनांनी माना डोलावल्या. सेक्रेटरींना हा धडा फार आवडला, कारण त्यात स्कूटर नव्हती.

पुढच्या हिवाळ्यात वडील गेले.

अस्थी आमच्याकडे घरात आणत नाहीत. लाल फडक्यात बांधून त्या अंगणातल्या बदामाला टांगल्या. तापी सुरतेतूनच वाहते, पण आईला खानदेशातलं प्रकाशा हे तीर्थच हवं होतं. तीच तापी, तिथे पुण्य जास्त. म्हणजे वडिलांना नदीच्या वरच्या अंगाला न्यायचं आणि पाण्याबरोबर परत सुरतेकडे सोडायचं. फडक्याची गाठ आईने स्वतः मारली. ती मला एवढंच म्हणाली, "ही पाण्याजवळच सुटली पाहिजे. मधे कोणाचा हात लागू देऊ नकोस." मी हो म्हटलं. वडिलांसाठी करण्यासारखं तेवढंच उरलं होतं.

मार्केटमधून शहाद्याकडे कापडाचा टेम्पो जायचा. चालक ओळखीचा होता, फाटकाच्या आत माल भरत होता. मी छातीशी गाठोडं धरून गेलो. लाल फडकं आणि माझं भादरलेलं डोकं पाहताच लोक बाजूला झाले. एका शेठने चपला काढून हात जोडले. तरुण वॉचमनने मान खाली घातली आणि फाटक उघडलं.

ते शिंदखेड्याचे काका मात्र स्टुलावरून उठून आडवे आले.

मी हळूच म्हटलं, "काका, हे गुरुजी आहेत."

"माले माहीत शे," ते म्हणाले. "म्हणीसनच सोडी दखाड, भाऊ."

गाठ सोडून दाखव म्हणतो, म्हणून लोक त्यांच्यावर चिडले. शेठ गुजरातीत म्हणाले, माणसाला अक्कल नाही. मी गाठोडं आणखी घट्ट धरलं. आईला दिलेला शब्द एकीकडे होता आणि दुसरीकडे तो म्हातारा, वडिलांचा धडा पाठ केलेला एकमेव विद्यार्थी. त्यांनी टोपी काढून ठेवली, माठातल्या पाण्याने हात धुतले, पुसले नाहीत, आणि ओले हात पुढे करून थांबले. ओढून घेतलं नाही. मी दिलं.

त्यांनी गाठ सोडली, आत पाहिलं आणि पुन्हा बांधलं. फडकं परत दिलं आणि मगच टोपी घातली. टेम्पो कडोदरा ओलांडेपर्यंत मी त्या गाठीकडे बघत होतो. कापडाच्या गठ्ठ्याला मारतात तशी ती होती, ओढताच सुटणारी.

वडिलांच्या धड्याचा उपयोग झाला का, हे मला अजून सांगता येत नाही. त्या मार्केटमध्ये कधी स्फोट झाला नाही. शेजारच्या मार्केटमध्येही झाला नाही, आणि तिथे कोणी काही शिकवलं नव्हतं. त्या धड्याने अडवलेली संशयित वस्तू माझ्या माहितीत एकच, ती म्हणजे खुद्द गुरुजी.

प्रकाशाहून परतल्यावर मी आईला सगळं सांगितलं, वडिलांच्या 'तिथे बघा' या धड्यासकट. ती ऐकत राहिली. गाठीचं ऐकताना तिने पदर तोंडाला लावला. ती आता रडेल किंवा त्या माणसाला बोल लावेल असं मला वाटलं.

पदर खाली घेऊन तिने विचारलं, "त्यांनी नीट बघितलं ना?"

"हो," मी म्हणालो. "अगदी नीट."

"मग असू दे," आई म्हणाली आणि चहा ठेवायला उठली.