कळंबे सरांची एकवीस गिअरची सायकल

सायकल चालवणारे लोक म्हणे किलोमीटर मोजतात. आमच्याकडं मात्र किस्सेच साचत जातात! दर रविवारी सकाळी आम्ही चौघं पांढुर्ण्याहून निघतो, नहरेच्या, म्हणजे कालव्याच्या काठच्या मातीच्या रस्त्यानं, संत्र्याच्या बागांमधून, टेकड्या चढत-उतरत. परत येताना टायरमध्ये दोन-तीन बाभळीचे काटे असतात आणि सांगायला काही ना काही असतंच. बायको विचारते, "तुमी सायकल चालवाले जाता का गप्पा हाणाले?" मी म्हणतो, दोन्हीले.

चौघं म्हणजे मी रामटेके, नगरपालिकेतला बाबू. दुसरे बंडूभाऊ, स्पेअर पार्टवाले, ज्यांना जगातली प्रत्येक गोष्ट व्हिडिओ पाहून येते. तिसऱ्या प्रमिलाताई नर्स, टोपलीच्या लेडीज सायकलवर कायम आमच्या पुढं. आणि चौथे कळंबे सर. गणिताचे मास्तर, आता रिटायर. काकू गेल्यापासून जवळच्या सावरगावच्या घरात एकटेच राहतात.

सरांची मुलगी मनीषा पुण्याला असते. तिचं एकच टुमणं, "बाबा, घर बंद करा आणि इकडं या." सरांना पुणं म्हटलं की तापच चढतो. शेवटी मनीषानंच एकवीस गिअरची सायकल पाठवली आणि अट घातली. संक्रांतीच्या आत या सायकलवर पस्तीसेक किलोमीटरवरचं सौंसर गाठून दाखवा, मी पुण्याचं नाव काढणार नाही. नाही जमलं तर सामान बांधायचं.

सर पैजेला कबूल झाले. सायकल चालवून त्यांना तेव्हा तीस वर्षं झाली होती!

*

सायकल खोक्यातून निघाली. नवी गाडी म्हटल्यावर चाकाखाली लिंबू आलंच. हळदकुंकू लागलं, हार घातला, सर ऐटीत बसले आणि आम्ही ढकललं.

लिंबू काही फुटेना! सायकल एवढी हलकी की चाक लिंबावर चढायचं आणि घसरून बाजूला यायचं. बंडूभाऊ म्हणाले, "सर, जरा वजन टाका." सरांनी टाकलं. लिंबू सुटलं ते सरळ नालीत. दुसरं लिंबू आणलं, तेही गेलं. तिसऱ्याला प्रमिलाताईंचा धीर सुटला. त्यांनी सायकल बाजूला केली आणि टाचेनं लिंबू फोडलं.

"झालं उद्घाटन," त्या म्हणाल्या. "आता चालवा."

*

नहरेच्या काठावरून सायकल कशी चालवावी, याचे धडे अर्थातच बंडूभाऊंनी दिले. "नजर समोर! खाली पाहाचं नाही! शरीर ढिलं ठेवाचं!" हे मागं वळून सांगता सांगता ते स्वतः नहरेत गेले.

नशीब, नहर कोरडी होती. लागलं काहीच नाही. पण पडल्यासारखं दिसू नये म्हणून ते तळाशीच बसून हेल्मेटचा पट्टा नीट करत राहिले. नेमकं त्याच सकाळी गव्हासाठी पाणी सुटलं होतं. आम्ही ओरडतोय, आणि ते हातानंच सांगताहेत, "थांबा, सेटिंग करून राहिलो!"

पाणी कमरेला लागलं तेव्हा सेटिंग संपलं.

काठावर कपडे घेऊन आलेल्या दोघी बाया पाहत होत्या. एक म्हणाली, "काहो भाऊ, आंघोळीले हेल्मेट कायले लागते?"

*

आमच्या हेल्मेट-हातमोज्यांचा आणखी एक परिणाम झाला. एका गावात लोकांना वाटलं, आम्ही नहरेच्या सर्व्हेला आलोय. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं सायकलच अडवली. "नहर माह्या वावरात कधी येते?"

बंडूभाऊंच्या तोंडाला कुलूप नाही. ते म्हणाले, "पाहू ना, अर्ज देऊन ठेवा."

पुढच्या रविवारी झाडाखाली नऊ माणसं अर्ज घेऊन उभी! मी खरं सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात पहिला अर्ज सरांच्या हातात पडला. मास्तरच ते. खिशातून लाल पेन निघाला, तीन चुका गोल झाल्या, खाली सही झाली.

म्हाताऱ्यानं कागद उलटसुलट पाहिला. "मंग, मंजूर का नापास?"

त्यानंतर महिनाभर आम्ही त्या रस्त्याला गेलो नाही.

*

महिनाभर दुसरीकडून जायचं म्हणजे मोठी टेकडी चढावी लागायची. सरांनी तिच्यासाठी गणित मांडलं. सरळ चढलं की दम लागतो, म्हणून नागमोडी जायचं. रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, परत या कडेला. आम्ही हळूहळू जात होतो आणि सर आडवेच जात होते.

मागून एक बाई आली, डोक्यावर चाऱ्याचा भारा. सरांच्या बाजूनं सरळ वर गेली, माथ्यावर थांबली आणि वळून म्हणाली, "सर, ओळखलं का? मी आठवीत होती तुमच्याकडं. दोन बिंदूंत सगळ्यात कमी अंतर म्हंजे सरळ रेषा, तुमीच शिकवलं होतं."

सरांनी ब्रेक दाबला. घाम पुसला.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "पण चढ सिलॅबसमध्ये नव्हता!"

*

सराव सगळा वाया गेला तो रोडग्यांमुळं. हिवाळ्यात आमच्याकडं वावरावावरात गोवऱ्यांचा धूर निघतो. कणकेचे जाड रोडगे निखाऱ्यावर भाजलेले असतात, वांग्याची भाजी असते, वरण असतं आणि रस्त्यानं जाणाऱ्याला न जेवता सोडणं हा अपमान असतो. कुणाचा, ते अजून ठरलेलं नाही.

एका शेतकऱ्यानं आम्हाला असंच हात धरून बसवलं. सर म्हणाले, "आमी वजन कमी कराले निघालो बाप्पा."

"मंग आधी जेवा," तो म्हणाला. "रिकाम्या पोटी कमी काय करसान?"

या तर्कापुढं गणिताचा मास्तरही हरला. चार रोडगे झाले. प्रत्येक रोडग्यावर तूप. उठल्यावर सरांचा पाय सीटवरून पलीकडं जाईना, म्हणून आम्ही सायकलच आडवी करून त्यांच्या पायांत सरकवली आणि दोघांना मिळून उभं केलं.

*

अखेर संक्रांतीच्या आधीचा शेवटचा रविवार आला. मनीषानं सरांच्या फोनवर लोकेशन सुरू करून घेतलं होतं. नकाशावर बाबांचा ठिपका सौंसरला पोचलेला दिसला पाहिजे. रविवारी ती उशिरा उठते, उठल्यावर बघणार होती. सर आदल्या दिवशी माझ्याकडं येऊन बसले होते. म्हणाले, "रामटेके, त्या घरातून मले नाही जाववत रे."

पहाटेच निघालो. मोहगावच्या अलीकडं एका बागेत पाण्यासाठी थांबलो. संत्रीतोड चालू होती. फोन तापू नये म्हणून सरांनी तो दुपट्ट्यात गुंडाळून सावलीतल्या एका रिकाम्या क्रेटमध्ये ठेवला. आम्ही पाणी प्यायलो, दोन-दोन संत्री खाल्ली. तेवढ्यात क्रेट भरले, पिकअपवर चढले आणि पिकअप नागपूरला निघून गेली.

हे आमच्या लक्षात आलं चार किलोमीटर पुढं!

बंडूभाऊ पिकअपचा पाठलाग करायला निघाले, प्रमिलाताईंनी त्यांची कॉलर धरली. सरांनी नागपूरच्या दिशेनं एकदा पाहिलं. मग म्हणाले, "ठिपका गेला त गेला. सौंसर तिथंच हाय ना? चला."

आणि सर पोचले हो! साडेनऊला, सौंसरच्या बस स्टँडवर, एकदाही न उतरता. मी त्यांना मिठी मारली. पण त्यांचे डोळे भरून आले होते. "ती कायची मानते आता," ते म्हणाले.

चहा येतो न येतो तोच माझा फोन वाजला. मनीषा! मी स्पीकर लावला.

"काका, बाबांना आवरा! कुठं चाललेत ते? सौंसर केव्हाच मागं गेलं, ते नागपूरच्या रस्त्यानं सावनेरच्याही पुढं आहेत!"

सरांनी फोन घेतला. "अवं मनू, मी सौंसरलेच हाय. चहा घेऊन राहिलो."

"खोटं नका बोलू! मला दिसून राहिलं ना इथं!" घाबरली की मनीषाची पुण्याची भाषा गळून पडते.

"पोरी, फोन संत्र्यात गेला माहा..."

"काहीही नका सांगू बाबा! या वयात एवढं कोणी चालवते का? मी हरली. पुण्याचं नाव नाही काढत, आईची शपथ. राहा तुमी सावरगावले. पण आता थांबा, हात जोडते!"

सरांनी आमच्याकडं पाहिलं. आम्ही तिघांनी चहाच्या ग्लासात पाहिलं.

"बरं बाप्पा," सर म्हणाले. "तू म्हणून राहिली त थांबतो."

सरांनी चहाचा घोट घेतला. मग पलीकडून मनीषाचा रडवेला आवाज आला.

"थांबले! ठिपका थांबला! बाबा, जिंदगीत पहिल्यांदा ऐकलं तुमी माहं!"