पुनवेचं बटण

काकाजी कोणाच्याही घरात शिरले की आधी वर बघायचे. यजमान नमस्कार करायला पुढे आलेला, आत चहाचं आधण चढलेलं, आणि पाहुण्याची नजर मात्र छताला. नवख्याला वाटायचं, पाल दिसली की काय. मग ते सावकाश मान खाली करत आणि म्हणत, "धूर कुठून जाईन, ते पाहून राहिलो."

जरीपटका नावाच्या वस्तीच्या अलीकडे आमची बारा घरांची एक ओळ होती. मी शाळामास्तर. काकाजी माझे शेजारी. हिंगण्याच्या एका कारखान्यात ते आगीच्या बंदोबस्तावर होते. रोज सकाळी कंपनीच्या बसनं जायचे आणि संध्याकाळी आले की ओळीतल्या कुठल्या तरी घरात आगीचा विषय काढायचे. असा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. आपण त्याला हसतो आणि गरज पडली की पहिली हाक त्यालाच मारतो.

त्यांचा भाचा शिकायला अमेरिकेत गेला होता. सुट्टीत येण्याआधी त्यानं मामाला पत्रातून विचारलं, काय आणू? तुम्ही-आम्ही घड्याळ सांगितलं असतं. काकाजींनी कारखान्यातल्या परदेशी कॅटलॉगात पाहून एक चित्र काढून पाठवलं. धूर लागला की बोंब मारणारी पांढरी बशी. खाली बजावून लिहिलं, सेलवर चालणारी आण, विजेची नको.

"विजेची काहून नको, काकाजी?" मी विचारलं.

"मास्तर, लाइन गेली का लोकं मेणबत्त्या लावते. आग तवाच लागते. अन् तवाच हे झोपलं तं?"

दोन बश्या आल्या. एक त्यांनी स्वतःच्या घरी लावली. दुसरी कोणाला, यावर ओळीत फार चर्चा झाली. पहिल्या घरच्या कंत्राटदाराला वाटत होतं, मान आपलाच. काकाजी पेटती उदबत्ती हातात धरून बाराही घरांत फिरले. तिचा धूर कुठून कुठे जातो ते पाहिलं आणि प्रत्येक घरात एकच प्रश्न विचारला, "घरात कोणाले उठून पळता येत नाही?"

आमच्या घरात माझी आई होती. लकव्यानं तिचं अर्धं अंग गेलेलं. बशी आमच्याकडे आली. कंत्राटदार महिनाभर माझ्याशी बोलला नाही.

आग लागते ती स्वयंपाकघरात, असा माझा शहाणपणा. म्हणून बशी तिथेच लावायला लावली. दुसऱ्या दिवशी बायकोनं लाल मिरचीची फोडणी दिली आणि बशीनं असा काही टाहो फोडला की आतून आई ओरडली, "कोण मेलं वं?" तीन दिवस हेच. चौथ्या दिवशी बायको म्हणाली, "हे राहीन नाहीतर मी राहीन." तेव्हा काकाजी स्टूल घेऊन आले आणि रविवारची अख्खी सकाळ आमच्या चुलीशी बसले. डोळ्यांतून मिरचीचं पाणी वाहतंय, नजर वर, हातात खडू. शेवटी त्यांनी स्वयंपाकघर आणि आईची खोली यांच्या मधल्या बोळात, छतावर एक फुली मारली.

"भिंतीले चिकटून नको. कोपऱ्यात धूर उशिरा पोचते," ते म्हणाले. मग फोडणीला बशी गप्प राहू लागली आणि बायको काकाजींना दोन चहा देऊ लागली.

दर पुनवेला ते पांढरे कपडे घालून विहारात जायचे. परत येताना आधी स्वतःच्या आणि मग आमच्या घरी यायचे, छत्री मिटून उंच करायचे आणि तिच्या टोकानं बशीचं बटण दाबायचे. बशी किंचाळली की समाधानानं म्हणायचे, "जागं हाये." दाढीच्या जुन्या ब्रशनं तिच्यातली जाळी काढायचे. दिवाळीच्या आधी रंगारी आला की धावत येऊन बशीला पिशवी बांधायचे. "चुन्यानं नाक बुजते त्याचं."

एकदा मी थट्टेनं म्हणालो, काकाजी, तुम्हाला धुराचं एवढं काय वेड? त्यांनी हातातला ब्रश खाली ठेवला आणि सांगितलं. त्यांचा धाकटा भाऊ मिलमध्ये होता. रातपाळी करून आला आणि दुपारी झोपला. शेजारच्या खोलीत गाद्या भरणाऱ्याचा कापूस होता, तो आतल्या आत धुमसत राहिला.

"अंगावर एक फोड नव्हता, मास्तर. झोपल्यासारखाच होता. जाळ माणसाले उठवते तरी. धूर झोपवते." त्या दिवशी ते चहा न घेताच गेले.

आता माझं सांगतो. माझ्याकडे एक छोटा ट्रान्झिस्टर होता आणि त्याला बशीसारखाच चौकोनी सेल लागायचा. कसोटी सामना रंगात आला आणि माझा सेल संपला. दुकान दूर नव्हतं. आळस, दुसरं काही नाही. स्टुलावर चढलो आणि बशीतला सेल काढला. सामना संपला की लावू, असं मनाशी म्हटलं.

पौषातली पुनव होती. दुपारी आईच्या पायाला शेक मिळावा म्हणून मी तिच्या खाटेजवळ शेगडी ठेवली आणि एक षटक ऐकून येतो म्हणून अंगणात उन्हात जाऊन बसलो. बायको बाजारात गेली होती. ओळीतली चार-पाच माणसं जमली. एका षटकाची किती षटकं झाली, ते मला आजही सांगता येत नाही.

काकाजी विहारातून आले, आम्हाला हात केला आणि छत्री घेऊन आत गेले. बशी वाजली नाही. माझ्या ते लक्षातही आलं नाही. मग आतून हाक आली, "मास्तर!"

मी धावलो. बोळात छत्री पडली होती आणि छताखालून काळा धूर सरकत होता. काकाजी जमिनीवर रांगत आईच्या खोलीत शिरलेले. रजईचं टोक शेगडीत पडून कापूस धुमसत होता. त्यांनी आईला चादरीसकट खाली ओढलं आणि तसंच रांगत बाहेर आणलं. बाकीच्यांनी तिला उचलून अंगणात नेलं, मी रजईवर बादली ओतली. आई खोकत होती. खोकता खोकता मलाच हाका मारत होती.

बोळात आम्ही दोघंच उरलो. त्यांचे पांढरे कपडे काळे झाले होते. त्यांनी वर बशीकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे. ट्रान्झिस्टर अजून माझ्या हातातच होता आणि त्यातला माणूस अजून बोलत होता.

"सेल द्या," ते म्हणाले.

मी दिला. त्यांनी स्टुलावर चढून तो बशीत बसवला आणि बटण दाबलं. ती किंचाळली. "जागं हाये," ते म्हणाले आणि खाली पडलेली छत्री उचलली.

कंत्राटदार आत आला. "काहून गा काकाजी, वेळेवर वाजलं नाही तुमचं यंत्र?"

"सेल संपला होता. मागच्या पुनवेले बदलायचा होता, माझ्याकडून राहिला. आता नवा टाकला."

मी तिथेच उभा होतो. एक शब्द बोललो नाही.

भाच्याकडून आणखी बश्या मागवायच्या म्हणून दहा घरांनी काकाजींकडे नावं दिली होती. आठवडाभरात सगळ्यांनी ती काढून घेतली. ऐन वेळी मुकं होणारं यंत्र कोण लावणार? लोक त्यांच्या तोंडावर 'मुकी बशी' म्हणून हसायचे आणि ते नुसते ऐकून घ्यायचे. त्या हसण्यात मी सामील नव्हतो, पण त्या बैठकांत बसलेला असायचो. एवढ्या वर्षांत आयुष्यभर टिकेल असा दुसरा सल मला लागला नाही. काकाजी मात्र दर पुनवेला येत राहिले. सेलाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. आई तीन वर्षं जगली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिली, "या माणसानं मले ओढून आणलं, बापा."

आईनंतर दोन वर्षांनी काकाजी गेले. त्यांच्या घरी पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला सगळी ओळ जमली. लोक चांगलं बोलले. कंत्राटदारही बोलला, माणूस लाख होता, फक्त त्या एका सेलाची चूक सोडली तर. तेव्हा मी उठलो. सेल मी काढला होता, एवढंच सांगितलं आणि खाली बसलो.

सगळे गेल्यावर काकाजींच्या पत्नी, आमच्या काकू, माझ्याजवळ आल्या.

"मले ठाऊक होतं, मास्तर. त्याइनं त्याच दिवशी सांगतलं. म्हणे, मास्तरच्या मायले हे कळलं तं तिले पोराच्या हातचं पाणी गोड लागणार नाही."

मला रडू आवरेना. काकूंनी मला रडू दिलं. मग दारामागची छत्री आणून माझ्या हातात ठेवली. "परवा पुनव हाये. माझा हात वर पोचत नाही."

आता मी दर पुनवेला ती छत्री घेऊन त्यांच्या घरी जातो. आत पाऊल टाकलं की नजर आपोआप छताला जाते. बटण दाबतो, बशी किंचाळते आणि स्वयंपाकघरातून काकू विचारतात, "जागं हाये का, मास्तर?"

"जागं हाये, काकू."