भिवा लांगरी आणि राखेचा डबा

दिवाळी उरकली आणि आमच्या सेक्शनला हुकूम आला: रेवदंड्याला जा, चांदमारीच्या कॅम्पाचं गोदाम सांभाळा. मोठी लढाई संपून आठ-नऊ वर्षं झाली होती. मी तेव्हा नाईक, दंडावर दोन फिती. हाताखाली दहा शिपाई, वर एक जमादारसाहेब आणि स्वयंपाकाला भिवा लांगरी. लांगरी म्हणजे पलटणीचा स्वयंपाकी. त्याला वर्दी असते, पण बंदूक नसते.

आम्ही सगळे घाटावरचे. समुद्राशी आमची ओळख एवढीच, की लढाईच्या वेळी बसऱ्याला जाताना आठ दिवस बोटीवर ओकत होतो. गोदाम चौलच्या रस्त्याला, पोफळीच्या वाडीच्या कडेला होतं. एका खोलीत काडतुसांच्या पेट्या, दुसरीत आटा, डाळ, गूळ आणि तुपाचे डबे. मागच्या बाजूला कुकहाउस. तिथून तीनशे पावलांवर कोळीवाडा. पाचला उठवायचा रिव्हेलीचा बिगुल, साडेपाचला पीटी, सातला चहा, आठला गार्डबदली. महिनाभर यात एका मिनिटाचा फरक पडला नाही.

तुम्ही म्हणाल, शिपायाने लढाईचं सांगावं, मांजराचं काय सांगतोस? लढाईचं सांगणारे पुष्कळ आहेत. मला हे सांगायचंय.

गोदामात उंदीर मातले होते. एक भाटी मांजर होती, पण ती नुकतीच व्यालेली, तिच्या एकटीने काय होणार? जमादारसाहेबांनी सोमल मागवला आणि आट्याच्या गोळ्या करून ठेवायचं काम मला दिलं. भिवा म्हणाला, "नाईक, मांजरीला आधी कुकहाउसात कोंड. ती विष खाल्लेला उंदीर खाईल."

मी "हो हो" म्हणालो आणि विसरलो.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला ती तुपाच्या डब्यांमागे ताठ होऊन पडलेली सापडली. रिकाम्या पोत्यात तिची तीन पिल्लं होती, डोळेही न उघडलेली. दुपारपर्यंत दोन गेली. चूक माझी होती, दुसऱ्या कोणाची नाही. उरलेलं पिल्लू उचलून मी खाडीकडे निघालो. आईवाचून ते तडफडून मरणार, त्यापेक्षा लवकर सुटलेलं बरं, असा माझा हिशेब.

भिवाने माझ्या हातातून ते काढून घेतलं. "एकीला मारलंस तेवढं पुरे," म्हणाला.

लांगऱ्याने नाईकाला असं बोलायचं नसतं. मी रिपोर्ट करू शकलो असतो. पण बोलायला तोंड कुठे होतं? भिवा माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा, चाळिशीचा. त्याची सगळी माणसं लहानपणीच प्लेगात गेली होती. गावाने चार घरचं खायला घालून त्याला वाढवलं आणि मिसरूड फुटताच तो पलटणीच्या चुलीपाशी आला. बायको नाही, घर नाही. रजा मिळाली तरी घेत नसे. जायचं कुठे?

त्याने शेळीच्या दुधात कापसाची वात बुडवून पिल्लाच्या तोंडात धरली. पिल्लू चोखू लागलं. पण दुसऱ्या दिवशी त्याचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं आणि ते केकाटायला लागलं. भिवाचा चेहरा पांढराफटक. तेवढ्यात हिराबाय आली. ही कोळीवाड्यातली विधवा, रोज आठ वाजता आम्हाला मासळी घालायची. भावावरून तिचं आणि भिवाचं रोज वाजायचं. दोघांनाही त्याशिवाय दिवस गोड लागत नसे.

तिने पिल्लाचं पोट चाचपलं. "लांगऱ्या, अक्कल हाय का तुला? नुसता दूध पाजतोस! आय चाटते, तवा पिल्लू मुतते. आता त्याला चाटनार कोन?"

"मी चाटू?" भिवा म्हणाला.

"नको रं बाबा, फडका घे. कोमट पान्यात भिजव, नि खालती चोल."

भिवाने जुन्या खाकी शर्टाचा तुकडा कोमट पाण्यात बुडवून पिल्लाच्या पोटाखालून हळूहळू चोळला. दोन मिनिटांत त्याचा हात ओला झाला. तो इतका खूश झाला, की जणू बढती मिळाली. त्या दिवसापासून दर तीन तासांनी दूध आणि फडका. जवान चेष्टा करायचे. "लांगरी बाळंत झाला रे! डिंकाचे लाडू करा!" भिवा म्हणायचा, "हसा लेको. संध्याकाळी डाळीत खडे सापडले तर माझ्याकडे येऊ नका." पिल्लाला सगळे रंगरूट, म्हणजे नवा रिक्रूट, म्हणू लागले.

महिन्याभरात रंगरूट पळू लागलं आणि खरा डोक्याला ताप सुरू झाला. ते भयंकर घाणेरडं होतं. अंगावर दूध वाळलेलं, शेपटीला तूप, त्यावर आटा. मांजर स्वतःला चाटून साफ करतं, हे त्याला दाखवणारं कोणी नव्हतं. भिवाने काथ्याचा आखूड कुंचा बांधला, मांजराच्या जिभेइतका खरखरीत, आणि सकाळ-संध्याकाळ मानेपासून शेपटीपर्यंत विंचरायला लागला. नंतर त्याने युक्ती काढली. पंज्याला बोटभर तूप लावायचं. तूप चाटता चाटता रंगरूट पंजा चाटू लागलं, मग खांदा, मग पोट. आठ दिवसांनी तूप बंद केलं तरी चाटणं चालू राहिलं. मी एवढे रिक्रूट पाहिले, इतक्या लवकर किट साफ ठेवायला शिकलेला एकही नाही.

हगण्या-मुतण्याचं मात्र जमेना. कधी पोत्यावर, कधी कोणाच्या कांबळ्यावर. एकदा जमादारसाहेबांच्या बुटात. साहेब तो बूट हातात घेऊन कुकहाउसात आले.

"शनिवारी नऊ वाजता मेजरसाहेबांची इन्स्पेक्शन आहे. आजपासून सहा दिवस. तोवर हे जागेवर बसायला शिकलं तर राहील. गोदामात घाण दिसली तर त्याच दिवशी खाडीत. जबाबदारी कोणाची?"

"माझी, साहेब," भिवा म्हणाला.

"आणि नाईक, खाडीत नेणार तू."

"जी, साहेब."

मला ते काम दुसऱ्यांदा करायचं नव्हतं. मी तुपाचा रिकामा डबा आडवा कापला, कडा ठोकून बोथट केल्या आणि समुद्रावरून वाळू आणून भरली. टाइमटेबल लावलं: सहा, दहा, दोन, सहा. खाणं झालं, की भिवा रंगरूटाला डब्यात ठेवायचा, त्याचा पुढचा पंजा धरून वाळू उकरून दाखवायचा. रंगरूट वाळू हुंगायचं, चाटायचं, लोळायचं आणि बाहेर येऊन पोत्यावर बसायचं. सोमवार गेला, मंगळवार गेला. बुधवारी ते वाळू खायला लागलं आणि दुपारी ओकलं. भिवाने त्या दिवशी जेवणाला हात लावला नाही.

गुरुवारी सकाळी आठला हिराबाय आली. डब्याशी वाकली, चिमूटभर वाळू नाकाशी नेली.

"ही वालू कुठशी आनली?"

"मी आणली. तुमच्या वाड्यासमोरून. तिथली चांगली कोरडी असते, बारीक."

हिराबाय कमरेवर हात ठेवून हसायला लागली. थांबेचना. "नायका, तिथं आमी जवला सुकत घालतो! सगली वालू म्हावऱ्याच्या वासाची. ह्या डब्याला ते ताट समजते. ताटात कोन बसेल रं?"

आम्हा घाटावरच्यांना वाळू ती सगळी सारखी. किनाऱ्यावरचं शेंबडं पोरही ही चूक करणार नाही. मी कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झालो.

"मग आता काय करू बाय? दोनच दिवस राहिले," भिवाने विचारलं.

"चुलीतली राख घे, थंड झालेली. त्यात सुकी माती मिसल. त्याचा मुतलेला फडका हाय ना, तो वर ठेव. कलेल त्याला."

कळलं. गुरुवारी दुपारी दोन वाजता रंगरूट राखेत बसलं, उकरून झाकलं आणि बाहेर येऊन पाय झटकले. भिवाने मला हाक मारून ते दाखवलं. दोन बाप्ये मांजराची घाण बघून आनंदाने हसतायत, हे कोणी पाहिलं असतं तर वेड्यात काढलं असतं. शुक्रवारी चारही वेळा डब्यातच. त्या दिवशी आम्ही गोदाम घासून लख्ख केलं.

शनिवारी नऊ वाजून वीस मिनिटांनी मेजरसाहेब आले. गोरा, उंच, कमी बोलणारा. काडतुसं पाहिली, पोती मोजली, कोपऱ्यात छडी घालून पाहिली. गोदाम साफ. जमादारसाहेबांनी माझ्याकडे बघून पापण्या हलवल्या. मग सगळे कुकहाउसात आले.

भिवा चुलीपासून चार पावलांवर अटेन्शनमध्ये उभा. सगळ्या सेक्शनची भाजी नुकतीच उतरवली होती आणि निखारे राखेसकट चुलीच्या तोंडाशी ओढून ठेवले होते. वरून सगळी पांढरी मऊ राख. आत लाल आग.

रंगरूट पोत्यांमागून बाहेर आलं. डबा उजव्या हाताला होता. ते डब्याकडे जाईना. राख म्हणजे बसायची जागा, हे आम्हीच त्याला दोन दिवस घोकवून घोकवून शिकवलं होतं, आणि समोर तर डब्याच्या दसपट राख. ते चुलीकडे निघालं. मला दिसलं, भिवाला दिसलं. साहेब समोर. अटेन्शनमधला माणूस हलत नाही, माशी डोळ्यावर बसली तरी हलत नाही. आणि मी नाही हललो. हे मी आज लिहितोय, तरी लाज वाटते.

रंगरूटाने पंजा टाकला आणि किंचाळलं. दुसरा पंजा टाकणार तोच भिवाने झेप घेतली आणि उजवा हात कोपरापर्यंत निखाऱ्यात घालून त्याला बाहेर काढलं.

भिवा परत जागेवर गेला, पिल्लू छातीशी धरून अटेन्शनमध्ये उभा राहिला. हाताची कातडी सोलून लोंबत होती.

"ये क्या है?" मेजरसाहेबांनी विचारलं.

जमादारसाहेब मांजराला सगळ्यांत जास्त शिव्या घालणारे. ते एक पाऊल पुढे आले. "हुजूर, गोदाम का गार्ड है. चूहे के लिए."

मेजरसाहेबांनी भिवाच्या हाताकडे पाहिलं, मग चुलीकडे, मग त्या कापलेल्या डब्याकडे. "चूल्हे के सामने कठडा बनाओ. आज ही," म्हणाले. "और इस आदमी को डॉक्टर के पास भेजो." एवढं बोलून निघून गेले.

कठडा करायचा हुकूम म्हणजे मांजर राहणार. भिवाला हे कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा तो मटकन खाली बसला आणि रडला. अलिबागच्या दवाखान्यात महिना काढून आला, पण दोन बोटं वाकडी राहिली ती राहिलीच. रंगरूटाचा पंजा पंधरा दिवसांत बरा झाला. त्याने स्वतःच चाटून बरा केला.

आणखी दोन वर्षांनी पलटणीला सरहद्दीवर जायचा हुकूम आला. मांजर नेता येत नव्हतं. भिवाने रंगरूट, काथ्याचा कुंचा आणि डबा हिराबायच्या ओटीवर नेऊन ठेवले. "माशाचा भाव कमी करशील तर याला सांभाळ," म्हणाला. ती म्हणाली, "जा रं लांगऱ्या, जिवंत ये म्हंजे झाला." बंदरावर बोट सुटेपर्यंत दोघं भांडत होती.

वझिरिस्तानात आमची एक पिकेट, म्हणजे पहाऱ्याची चौकी, टेकडीवर होती. एका सकाळी वरून झेंड्याने निरोप आला: रात्रीपासून चहा नाही. भिवा चहाची डेगची पाठीवर बांधून दोन शिपायांबरोबर निघाला. सात वाजून दहा मिनिटांनी समोरच्या कड्यावरून फायर आला. दोघे शिपाई दगडाआड आडवे झाले. डेगची सांडेल म्हणून भिवा आडवा झाला नाही. एक गोळी लागली. मी वर पोचलो तेव्हा तो संपला होता आणि डेगचीत अर्धा चहा शिल्लक होता. पिकेटवरच्या माणसांनी तो प्यायला. प्यायलाच पाहिजे होता.

तार कोणाला करायची, कंपनी क्लार्कने मला विचारलं. मी म्हणालो, याचं कोणी नाही.

पुढच्या रजेत मी गावी जाण्याआधी बोटीने रेवदंड्याला उतरलो. सकाळचे दहा वाजले होते. हिराबाय दारात बोंबील निवडत बसली होती, शेजारी रंगरूट. मला एकट्याला पाहिलं आणि हातातला बोंबील तिने टोपलीत ठेवला. मी उभ्याउभ्याच सांगितलं. दुसरं काही सुचेना, म्हणून म्हणालो, "त्याचं कोणी नव्हतं. सुतक धरायलाही कोणी नाही."

ती एकदम तडकली. "कोन न्हाय कसा? मी मेले का?"

तिने पदर डोक्यावर घेतला, उठली, चुलीवरचं कालवण उतरवून बाहेर ओतलं. मुलाला हाक मारून सांगितलं, होडी वर ओढ, तीन दिस दर्यात जायाचा न्हाय. मासळीचा ऐन हंगाम होता. वाड्यातल्या बाकीच्या होड्या भरून येत होत्या. मुलाने आईकडे पाहिलं, काही न विचारता वल्ही घरात आणून ठेवली.

मी गावाला गेलो नाही. तिन्ही दिवस तिथेच राहिलो, पेज प्यायलो, जमिनीवर निजलो. मढं उचललं तेव्हा मला रडू आलं नव्हतं. तिथे आलं.

दुसऱ्या दिवशी शेजारची म्हातारी ओटीशी आली. वाळूवर ओढलेली होडी बघून तिने विचारलं, "हिरे, तुजा कोन गेला गो?"

हिराबाय म्हणाली, "भाव गेला माजा. भिवा त्याचा नाव. पलटनीत होता."